वरणात गूळ पडतो का

मराठी माणसांना एका पंगतीत बसवून ठेवणं या परक्या देशात माझ्या माहितीतल्या एकाच माणसाला जमत होतं, आणि त्या माणसाला त्याच पंगतीतून उठवण्याचं काम मी केलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पुण्यातल्या भावाला नाही, आणि अकरा वर्षं रोज सकाळी ज्यांच्याबरोबर एका गाडीतून ऑफिसला गेलो त्या खुद्द त्यांनाही नाही. आमच्या मंडळातल्या लोकांना वाटतं की त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं करून घेतलं. अजूनही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी मधूनच लिहितं, "तेव्हा भाऊंनी जे केलं त्यानंतर...", त्याखाली चार अंगठे पडतात, आणि मी फोन टेबलावर पालथा ठेवतो. तीन वर्षं मी फोन पालथा ठेवतो आहे. आता मला त्या लोकांचा राग येतो, त्या अंगठ्यांचा येतो, पण सगळ्यात जास्त त्या फोन पालथा घालणाऱ्या हाताचा येतो. म्हणून लिहायला बसलो.

ते माझे कारपूलवाले. हर्नडनसारख्या उपनगरात राहून रोज शहराकडे जाणाऱ्या माणसाला हे नातं समजावून सांगावं लागत नाही. सकाळी गाडीत दुसरं माणूस असलं की डावीकडची मोकळी लेन मिळते, नसलं की लाल ब्रेकलाइटांच्या मागे एक तास जातो. त्यामुळे इथे माणसं सोबती शोधतात ती स्वभाव बघून नाही, झिपकोड बघून. माझ्या झिपकोडात हे होते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे, सरकारी कंत्राटाच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळणारे. सगळं मंडळ त्यांना भाऊ म्हणायचं, मुलं काका म्हणायची, आणि ते मला अकरा वर्षांत एकदाही नावानं हाक न मारता 'पुणेकर' म्हणत आले. गाडी माझी असो की त्यांची, चालवायचो मीच, आणि माझ्या शेजारी ते कधी बसले नाहीत. ते मागच्या सीटवर डावीकडे बसत, मांडीवर डबा, डोक्याला जूनपर्यंत कानटोपी. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक मला ड्रायव्हर समजत. मी एकदा म्हटलं, "भाऊ, पुढे बसा ना, बरं दिसत नाही." तर म्हणाले, "पुढं बसलो की मले गाडी चालवणाऱ्याचा राग येते. मागं बसलो की फक्त रस्त्याचा येते. तूच ठरव."

राग हा त्यांचा व्यायाम होता. बाकीचे लोक सकाळी ट्रेडमिलवर चढतात, हे रागावर चढत. ऑफिसच्या मायक्रोवेव्हवर 'कृपया वासाचे पदार्थ गरम करू नयेत' अशी चिठ्ठी कुणी लावली होती, तिच्यावर ते एक आख्खा मार्च महिना रागावले होते. पण गंमत अशी की अकरा वर्षांत मी त्यांना स्वतःसाठी रागावलेलं पाहिलं नाही. त्यांचा राग नेहमी दुसऱ्याच्या वतीनं असायचा. आमच्या ऑफिसच्या इमारतीत कोल्हापूरचा एक तरुण होता. जेवणाच्या टेबलावर दोन मुंबईकर त्याच्या 'काय करायलायस'ची नक्कल करत होते आणि तो बिचारा स्वतःच हसत होता. भाऊ शेजारच्या टेबलावरून उठले, त्याच्यापाशी जाऊन म्हणाले, "तुले राग नाही आला? काही हरकत नाही. माझा घे." आणि मग त्या दोन मुंबईकरांना त्यांनी जे सुनावलं त्यात भाऊंचा स्वतःचा पराठा गार झाला. नंतर त्या दोघांनाच त्यांनी संध्याकाळी घरी जेवायला बोलावलं. बोलवण्याचा सूर मात्र समन्स बजावल्यासारखा होता.

आमची पहिली भेट पार्क-अँड-राइडच्या, म्हणजे कारपूलवाले जिथे एकमेकांना गाठतात त्या वाहनतळाच्या, आवारात झाली. मी नाव सांगितलं, कंपनी सांगितली. त्यांनी ते ऐकल्यासारखं केलं आणि सीटबेल्ट लावता लावता विचारलं, "तुमच्याकडे वरणात गूळ पडतो का?" आता पुण्याच्या गुळाबद्दल विदर्भात काय बोललं जातं हे मला ठाऊक होतं. नव्या माणसासमोर पहिल्याच दिवशी कशाला, म्हणून मी म्हणालो, "नाही, तसा नाही पडत." ते फक्त "बरं" म्हणाले. तीन आठवडे आम्ही क्रिकेट, व्हिसा आणि घराच्या छपराबद्दल बोललो. मग एका सकाळी बर्फामुळे रस्ता थिजला, गाडी पाऊण तास जागची हलेना, आणि का कोण जाणे माझ्या तोंडून निघालं, "भाऊ, पडतो. वरणात पडतो, आमटीत पडतो, भोपळ्याच्या भाजीतही पडतो." त्यांनी पिशवीतून एक लांबट निळी वही काढली, कानटोपी सारखी केली आणि काहीतरी लिहिलं. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" म्हणाले, "गाडीत बसल्या बसल्या तुझ्या डब्याचा वास आला होता न बाप्पा. पण डब्याचं ऐकून वहीत लिहायचं नसते. माणसानं सांगावं लागते. मी वाट पाहू शकतो."

ती निळी वही म्हणजे त्यांचा महाराष्ट्र. मंडळात नवीन कुटुंब आलं की पाव तासाच्या आत भाऊ त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसत आणि तोच प्रश्न विचारत. सरकारनं केलेले विभाग त्यांना मान्य नव्हते. "ते कागदासाठी आहेत. खरे विभाग पातेल्यात असतात." त्यांच्या वहीत गूळवाले होते, कोकमवाले होते, दाण्याच्या कुटावाले होते, तिखटवाले होते. शेरे असे : 'मालवण. कोकम. बायको सांगलीची. घरात अजून तह नाही.' किंवा : 'नाशिक. कधी गूळ, कधी नाही. सासूबाई आल्या की पडतो.' एकदा आम्ही चार जण आयसेलिनच्या भारतीय बाजारात साड्यांच्या खरेदीला निघालेल्या बायकांचे ड्रायव्हर म्हणून गेलो होतो. ओक ट्री रोडवर एका हॉटेलवर पाटी होती, 'अस्सल महाराष्ट्रीय थाळी.' भाऊ गल्ल्यावरच्या माणसाला म्हणाले, "कोणत्या महाराष्ट्राची?" तो म्हणाला, "सर, महाराष्ट्राची." भाऊ म्हणाले, "तेच विचारून राहिलो." पाच मिनिटं हे चाललं. शेवटी त्यानं वैतागून आतून आचाऱ्याला बोलावलं. आचारी निघाला जळगावचा. आम्ही तिघं बाहेर श्रीखंड-पुरी खात होतो तेव्हा भाऊ आत भट्टीशेजारी उभं राहून आचाऱ्यानं स्वतःसाठी केलेली शेवभाजी खात होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिखटानं की कशानं, ते मी विचारलं नाही. येताना गाडीत चार तास ते त्या थाळीवर रागावत आले. "सगळ्या गावांची एक थाळी केली की ती कोणाच्याच गावाची राहत नाही," असं त्यांचं म्हणणं.

म्हणून मंडळाचं स्वयंपाकघर त्यांनी वीस वर्षं आपल्या हातात ठेवलं होतं. कार्यक्रम शाळेच्या कॅफेटेरियात व्हायचे, आणि दर कार्यक्रमाला वहीतल्या एका विभागाची पाळी असायची. त्यांचा एकच कायदा होता : जेवताना जो कुणी "आमच्याकडे असं नसतं" म्हणेल त्यानं मोठं पातेलं घासायचं. अध्यक्षांनाही माफी नाही. मी ते पातेलं सात वेळा घासलं आहे. आत हात घालताना त्यात खांद्यापर्यंत जावं लागतं, आणि आत डोकं घातलं की स्वतःच्या बोलण्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो. भाऊ म्हणत, तोच उपयोग आहे त्याचा.

एका वर्षी जवळच्या विद्यापीठात शिकायला आलेली हिंगोलीकडची एक मुलगी पहिल्यांदाच कार्यक्रमाला आली. भाऊंनी खुर्ची ओढली आणि प्रश्न विचारला. ती खाली बघून म्हणाली, "काका, आमच्याकडं रोज वरण नसतं." आजूबाजूला थोडी चुळबूळ झाली. भाऊ तिला म्हणाले, "म्हणजे माझी वहीच चुकली की. थांब." आणि त्यांनी नवीन पान काढून वर लिहिलं, 'बिनवरणाचे'. पुढच्या महिन्यात त्या पानाची पाळी लागली. तिच्या आईला व्हिडिओवर घेऊन भाऊ कॅफेटेरियाच्या स्वयंपाकघरात येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी शिकले. आई तिकडून ओरडत होती, "अहो भाऊ, पीठ जळलं बघा," आणि भाऊ इकडून, "बाई, तुम्हाला फोनमधून वास येऊन राहिला का?" त्या दिवशी ती मुलगी पंगतीत हातात डाव घेऊन वाढत होती. जो मागेल त्याला आधी विचारत होती, "तिखट चालेल ना?" आणि मग उत्तर न ऐकताच वाढत होती. तेव्हापासून ती एकही कार्यक्रम चुकवेना.

मग ते सार्वमत आलं.

देशभरातल्या मराठी मंडळांचा एक महासंघ आहे. दर अधिवेशनाला नाटक पुण्याचं, गायक मुंबईचे, जेवण त्यांच्याच चवीचं. विदर्भ, मराठवाडा, खानदेशवाल्यांनी वर्षानुवर्षं तक्रार केली आणि वर्षानुवर्षं त्यांना सांगितलं गेलं की पुढच्या वेळी नक्की. शेवटी कुणीतरी म्हणालं, मग आम्ही निघतो. महासंघानं अहंकारानं ते थेट मतदानाला टाकलं. देशभर सगळ्या सभासदांना एकच प्रश्न : आपल्या मंडळांनी महासंघात राहायचं की निघायचं? 'राहा' किंवा 'निघा' यांपैकी एकावर टिचकी मारायची. आजही मला कळत नाही की शेकडो तक्रारी, लाड, अपमान आणि आठवणी दोन शब्दांत कोंबण्याची कल्पना कुठल्या शहाण्याला सुचली. देशभरची मतं मोजली तेव्हा 'राहा' अगदी थोडक्यात जिंकलं. त्यानंतर जे झालं त्याचा विचार करताना अजून माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात. जिंकलेले म्हणाले, झालं ना मतदान, आता गप्प बसा. हरलेले म्हणाले, आमची मतं मोजलीत, आम्हाला कधी मोजणार? कुणी कुणाला विचारलं नाही की बाबा रे, तुला निघावंसं का वाटलं. माझ्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर माझे मित्र म्हणाले, "हे लोक असेच." आणि मी त्यांना आणखी पोळी वाढली.

भाऊ त्या दिवसांत गाडीत फक्त रस्त्यावर रागावत. सार्वमतावर एकदाच बोलले. "पुणेकर, जिंकलेल्यानं हरलेल्याच्या घरी जेवायला जावं लागते. पेढे घेऊन नाही, भूक घेऊन. या लोकायले कोण सांगंल?" मी म्हणालो, हो ना. मनात म्हणालो, हे तिखटवाले, हरले म्हणून असं बोलतायत.

आता माझं काम सांगतो. मी आमच्या मंडळाचा मतमोजणी अधिकारी होतो. मत ऑनलाइन फॉर्मवर होतं. सभासद खरा आहे की नाही हे तपासायला नाव घेतलं होतं, आणि आकडे कळवले की ती शीट कायमची पुसून टाकायची, असा शब्द मी सगळ्यांना ग्रुपवर लिहून दिला होता. तो शब्द मी पाळला नाही. त्याच आठवड्यात गणपतीच्या जेवणाचं नियोजन होतं आणि भाऊंनी मला वही दिली होती. "स्कॅन करून ड्राइव्हवर टाक. पानं सुटून राहिली आहेत." वीस वर्षांत त्यांनी ती वही कुणाच्या हातात दिली नव्हती. शनिवारी दुपारी माझ्या स्क्रीनवर डावीकडे मतांची यादी होती आणि उजवीकडे वहीची. दोन याद्या जुळवूनच ज्यानं तीस वर्षं पोट भरलं, त्याच्यासमोर दोन याद्या शेजारी शेजारी आल्या की त्याचं बोट थांबत नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. अर्ध्या तासात तक्ता तयार झाला. एका बाजूला गूळवाले, कोकमवाले, तिखटवाले, बिनवरणाचे, दुसऱ्या बाजूला किती राहा, किती निघा. नावं मी काढून टाकली होती. मला वाटलं, नावं काढली की गुपित राखलं गेलं. आमच्या धंद्यातली माणसं अशीच चूक करतात, आणि पुन्हा स्वतःला हुशार समजतात. वर मी रंगीत पट्टीत मथळा दिला : 'गोडाचे राहिले, तिखटाचे निघाले.' मी एकटाच हसलो, टॅब बंद केला आणि बायकोबरोबर मॉलमध्ये गेलो.

तो टॅब मंडळाच्या सामाईक खात्यातून उघडलेला होता. मतांची शीटही त्याच खात्यात होती, त्याचा पासवर्ड भाऊंसकट आमच्यापैकी चौघांना ठाऊक होता, आणि तक्ता जाऊन बसला होता 'जेवण' नावाच्या फोल्डरमध्ये, वहीच्या पानांशेजारी. सोमवारी दुपारी कुणीतरी मेनू बघायला फोल्डर उघडला. तासाभरात तक्त्याचा फोटो ग्रुपवर होता.

नावं नव्हती. पण आमच्या मंडळात बिनवरणाचं माणूस एकच होतं. 'बिनवरणाचे : निघा, एक.' हिंगोलीची ती मुलगी ज्या कुटुंबाकडे दर रविवारी जेवायला जायची ते कट्टर 'राहा'वाले होते. त्यांनी तिला काही म्हटलं नाही, फक्त पुढच्या रविवारी बोलावलं नाही. तिनं त्याच संध्याकाळी ग्रुप सोडला. कोकमवाल्यांत एकच जोडपं होतं, एक राहा, एक निघा. त्यांच्या घरात काय झालं ते देव जाणे. आणि तिखटवाल्यांच्या रकान्यात सगळे 'निघा', फक्त एक 'राहा'. त्या एका 'राहा'ला त्यांच्यातल्या लोकांनी दोन दिवस शोधलं. वर्गीकरण भाऊंचं, फोल्डर भाऊंचा, वही भाऊंची. कुणाला शंकाच उरली नाही.

पुढच्या रविवारी दुपारी कॅफेटेरियात बैठक झाली. अध्यक्षबाई मुंबईच्या, फार सभ्य. त्या म्हणाल्या, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण ही विभागणी तुमचीच आहे ना?"

"माझीच."

"मग हा तक्ता..."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. वही माझ्याकडे होती हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. ते रागानं पाहत नव्हते. बर्फात गाडी अडकली होती त्या दिवशीसारखे पाहत होते. कोपऱ्यातलं सरबताचं मशीन घरघरत होतं. मी त्या मशीनकडे बघू लागलो. त्याच्यावर 'बिघडलेले आहे' अशी चिठ्ठी होती, ती मी दोनदा वाचली.

"वही माझी आहे," भाऊ म्हणाले.

"म्हणजे केलंत तुम्हीच?" मागून कुणीतरी.

"वही माझी आहे म्हणलं ना. तिच्यातून जे निघालं ते माझं."

मग त्यांच्यातलेच एक, चंद्रपूरचे, उभे राहिले. "आणि भाऊ, आमच्यातलं ते एक 'राहा'? तेही तुमचंच का?"

"हो. माझंच."

"काऊन पण? आपल्या लोकांच्या विरोधात?"

"अरे, वेगळं आहो हे दाखवायले तरी समोर कोणी बसलं पायजे न. वेगळ्या पंगतीत बसून कोणाले दाखवशीन?" त्यांचा आवाज त्या बैठकीत पहिल्यांदाच चढला, आणि त्यांच्या बाजूनं रागवायला मात्र कोणी नव्हतं. गूळवाले म्हणाले, आमच्या मतांची चव काढली. तिखटवाले म्हणाले, फितूर. पाच मिनिटांत त्यांच्याकडून स्वयंपाकघराची किल्ली मागून घेतली. मी तिथे होतो. मी हातही वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पार्क-अँड-राइडवर हजर होते. मागच्या सीटवर, डावीकडे. सीटबेल्ट लावून झाल्यावर म्हणाले, "काय पुणेकर, काही सांगून राहिला का?" मी म्हणालो, "नाही. ट्रॅफिक बरं आहे आज." ते म्हणाले, "बरं." तीन आठवडे गेले. तीन महिने गेले. तोवर ऑफिस आठवड्यातून तीनच दिवस राहिलं होतं, पण तिन्ही दिवस ते यायचे, आणि उतरताना डबा उचलता उचलता अर्धा क्षण थांबायचे. त्या थांबण्याचा मला इतका राग यायचा की मी गाडी गिअरमध्ये टाकून ठेवायचो. अहो, ओरडा ना माझ्यावर. मायक्रोवेव्हच्या चिठ्ठीवर महिनाभर रागावलात, माझ्यावर एक सकाळ रागवा. पण दुसऱ्याच्या वतीनं रागावणाऱ्या माणसाकडे स्वतःसाठी काही शिल्लक नसतं.

त्या वर्षी आमच्या गावात एकाच शनिवारी दोन गणपती बसले, दोन शाळांच्या दोन कॅफेटेरियात, मध्ये एक गॅस स्टेशन. आमच्या गणपतीत वाद नको म्हणून केटरर लावला. जेवायला पनीर बटर मसाला, जीरा राइस आणि गुलाबजाम होते. कुणालाही काही खटकलं नाही. कुणी म्हणालं नाही की आमच्याकडे असं नसतं. तसं कुणाकडेच नसतं, मग म्हणणार कोण? प्लेटा थर्मोकोलच्या होत्या, घासायला काही नव्हतं. मी एका कोपऱ्यात उभा राहून ते पनीर खाल्लं आणि मला इतका संताप आला की गुलाबजाम न चाखताच प्लेट टाकून दिली. शेजारच्याला वाटलं, मला साखरेचा त्रास आहे.

आणि अजून एक गोष्ट आहे, ती भाऊंनाही माहीत नाही. तक्त्यात गूळवाल्यांच्या रकान्यात एकही 'निघा' नव्हतं. सगळे एकजात 'राहा'. त्या सफाईमुळेच तो तक्ता इतका पेटला. पण मूळ शीटमध्ये गूळवाल्यांचं एक 'निघा' होतं. ते माझं होतं. आदल्या अधिवेशनात महासंघानं माझी एकांकिका नाकारली होती, 'प्रेक्षकांना कळणार नाही' असं कळवून. त्या रागात मी 'निघा'वर टिचकी मारली, वरवर मात्र मी 'राहा'वाल्यांच्या टेबलावर बसत होतो. तक्ता करताना माझी ओळ मी आधी पुसली. ती राहिली असती तर लोकांनी काय पाहिलं असतं? एक गोडाचा निघाला, एक तिखटाचा राहिला. कदाचित कुणी हसलं असतं. कदाचित त्या दोघांना शोधून एका टेबलावर बसवलं असतं आणि बाकीच्यांनी मजा बघितली असती. मी हिशोबातून एक माणूस काढला, आणि उरले ते दोन कळप.

गेल्या वर्षी भाऊ निवृत्त झाले आणि वाळवंटातल्या चँडलरला मुलीकडे राहायला गेले. ती तिथे चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे. शेवटच्या दिवशी गाडीतून उतरताना त्यांनी निळी वही माझ्या पुढच्या सीटवर ठेवली, जिथे ते कधी बसले नव्हते. "ठेव. तिथं मी आणि पोरगी दोघंच. आमचं वरण आमाले माहीत आहे." गाडी निघाल्यावर मी पार्किंगमध्येच माझं पान शोधलं. बर्फाच्या दिवसाची ती नोंद होती, थंडीनं आखडलेल्या बोटांनी काढलेलं वाकडं अक्षर : 'पुणे. गूळ, होय. आधी नाही म्हणाला. तीन आठवड्यांनी कबूल.'

महिन्यातून एकदा ते फोन करतात. तिथल्या उन्हावर रागावतात, निवडुंगाच्या काट्यांवर नाही, ते लोक काटे छाटतात म्हणून रागावतात. मधे एकदा म्हणाले, हिंगोलीची ती मुलगी आता तिथून जवळच नोकरीला लागली आहे, कधीतरी येते, स्वयंपाकघरात उभी राहून त्यांचं येसर बिघडवते. मी म्हटलं, माझी आठवण काढते का? म्हणाले, "तुझी कशाले काढंल, तू तिचं काय बिघडवलं?" आणि मग नेहमीसारखं, "बाकी काय, पुणेकर?" म्हणून ते थांबतात. फोनमध्ये त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येतो. मी म्हणतो, बाकी ठीक. ते म्हणतात, बरं.

हे लिहून झालं म्हणजे काही झालं असं नाही. कागदाला सांगणं म्हणजे डब्यानं सांगणं, माणसानं सांगितल्यासारखं ते होत नाही. त्या मुलीला आणि तिच्या आईला फोन करायचा आहे आणि माफी मागायची आहे. भाऊंना त्यांच्या पुढच्या फोनवर, त्यांनी थांबायच्या आधी, सांगायचं आहे. आणि मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला त्याच कॅफेटेरियात, त्याच लोकांसमोर उभं राहून मला दोन वाक्यं म्हणायची आहेत : तो तक्ता मी केला होता. आणि त्यातून माझं मत मी पुसलं होतं. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.